अनुभव धागा: फॉरमॅट मारला आणि नेटच गेलं

खाटल्यावरचा_देव
दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरच्या खोक्यात निळी लॅन केबल सापडली आणि मे २०१३ मधली रत्नागिरी आठवली.

सासुरवाडीला गेलो होतो. मेहुणीचा लॅपटॉप रखडत होता. सासरे म्हणाले, "जावईबापू कॉम्प्युटरवालेच आहेत की." (मी तेव्हा अकाउंट्समध्ये. एक्सेल येतं म्हणजे कॉम्प्युटरवाला.) मान राखायला हवा म्हणून बसलो. विंडोज ७ नव्याने टाकली, अर्ध्या तासात चकाचक डेस्कटॉप. सगळे मागे उभे. सासूबाई आमरसाची वाटी घेऊन.

आणि नेट नाही. खाली कोपऱ्यात लाल फुली. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर 'नेटवर्क कंट्रोलर'वर पिवळं उद्गारचिन्ह आणि 'इथरनेट कंट्रोलर'वरही. म्हणजे वायफाय नाही आणि केबल लावूनही उपयोग नाही. ड्रायव्हर (वायफाय-लॅनचं कार्ड विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) नेटवर मिळतो, नेट ड्रायव्हरवर चालतं.

पेन ड्राइव्ह खिशात टाकून स्टँडजवळच्या सायबर कॅफेत. ड्रायव्हर उतरवला, रिक्षाने घरी, लावला तर तो ३२ बिटचा, विंडोज ६४ बिटची. परत रिक्षा. दुसऱ्या खेपेला ६४ बिटचा आणला, तोही बसेना. कंपनीच्या साइटवर एकाच मॉडेलला तीन वायफाय ड्रायव्हर होते, कारण त्याच मॉडेलमध्ये तीन वेगवेगळी कार्डं येत. आपल्यात कुठलं हे कोण सांगणार?

कॅफेतल्या पोराने सांगितलं. वय असेल सतरा. "काका, पिवळ्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी निवडा. 'व्हेन'पुढचे चार आकडे-अक्षरं कंपनीची, 'डेव्ह'पुढचे चार त्या चिपचे. ते कागदावर लिहून आणा." तिसरी रिक्षा. माझं व्हेन निघालं ८०८६, म्हणजे इंटेल. त्यांच्या जुन्या प्रोसेसरचाच नंबर त्यांनी घेतलाय, हे पण त्यानेच सांगितलं.

संध्याकाळी सात वाजता नेट आलं. सासरे झोपाळ्यावरून: "आधी चालत होतंच ना हो?"

तुमचेही येऊ द्या.

चिंचगूळ
😂😂 सासरे! दार ओढून घेतलं, लॅच लागलं, किल्ली आत टेबलावर. तसलाच प्रकार हा.
पोळ्या करता करता लिहितेय, चुका सांभाळून घ्या. जून २०२०, लेकीची ऑनलाइन शाळा सोमवारी आठला आणि रविवारी रात्री हेच. दुकानं बंद. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलाने मास्क लावून जिन्यातूनच सांगितलं की फोन केबलने लावा, सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा. लॅपटॉपला वाटतं लॅन कार्डच लावलंय, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि फोन घरच्याच वायफायवर होता त्यामुळे डेटापण गेला नाही! त्याच नेटवर विंडोज अपडेटने वायफायचा ड्रायव्हर आपला आपण आणला. दहा मिनिटं. मी त्या मुलाला आठवडाभर डबा दिला.
पोळी करपली

बिनपगारी_इंजिनिअर
अख्ख्या सोसायटीचे लॅपटॉप माझ्याच डायनिंग टेबलवर मरायला येतात, म्हणून कळकळीने: आधी ड्रायव्हर काढून ठेवा, मग फॉरमॅट. विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आतच आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडायचा, पीएनपीयूटिल, मग स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, मग स्टार, शेवटी पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर त्यात पडतात. नंतर पिवळ्या चिन्हावर 'अपडेट ड्रायव्हर' आणि तो फोल्डर दाखवायचा.
कोणी करत नाही. मीही दोनदा विसरलोय.

वऱ्हाडी_ठेचा
माह्यं तं उलटंच झालं भाऊ. दोन डाव फॉरमॅट मारला. दोन! ड्रायव्हर पाच तऱ्हेचे टाकून पाह्यले. रात्रीचे दोन वाजले. सकाळी पोट्टी उठली, लॅपटॉपच्या बाजूचं बारकं बटन सरकवलं अन् वायफाय सुरू. बॅगेत टाकताना सरकलं होतं ते.
घरात कोनाले सांगतलं नाही, इथंच सांगून राह्यलो.

चिंचगूळ
@वऱ्हाडी_ठेचा दंडवत घ्या 🙏😂

रात्रपाळी
विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांची जखम कोणी काढलीच नाही. २००९, पुण्यातलं हॉस्टेल, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) नवं नवं. वायफाय चिपला फर्मवेअर (चिपमध्येच भरायचं सॉफ्टवेअर) हवं, ते परवान्याच्या भानगडीमुळे सीडीत नाही, उतरवायला नेट हवं. खोली दुसऱ्या मजल्यावर, लॅनचं पोर्ट तळमजल्यावर रेक्टरच्या खोलीत. मी रात्री अकराला लॅपटॉप आणि केबल घेऊन त्यांच्या दारात. त्यांना वाटलं मी हॉस्टेल सोडून चाललोय. समजावून सांगेपर्यंत त्यांनी चहा ठेवला आणि स्वतःच्या मुलाचं लग्न जमत नाही ते सांगत बसले. दीड वाजला. फर्मवेअर दोन मिनिटांत उतरलं होतं.
आता डेबियननेही (हेही लिनक्सच) जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिलंय. आजच्या पोरांना रेक्टरचा चहा मिळायचा नाही.

खाटल्यावरचा_देव
@रात्रपाळी मुलाचं जमलं का पुढे?

रात्रपाळी
जमलं. मी पंगतीत वाढायला होतो.

जुनी_चावी
तुम्ही सगळे कालचे. विंडोज एक्सपीच्या काळात पिवळं प्रश्नचिन्ह असायचं आणि ड्रायव्हरच्या सीड्या प्लास्टिकच्या पाकिटात जिवापाड जपायच्या. साटा डिस्क (तेव्हाची नवी हार्ड डिस्क) असेल तर इन्स्टॉल सुरू होताच एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा. फ्लॉपी!! लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह नाही आणि फ्लॉपी तर हवीच.
अवांतर: त्या सीड्या आता बाल्कनीत दोऱ्याला टांगल्यात, कबुतरांसाठी.

चिंचगूळ
काका कबुतरं जातात का खरंच? आमच्याकडे एसीच्या मागे नुसता उच्छाद

जुनी_चावी
चार दिवस गेली. मग सरावली.

मस्कतचा_मुक्काम
विंडोज ११ टाकणाऱ्यांसाठी. ती सेटअपमध्येच नेट मागते आणि वायफाय ड्रायव्हर नसेल तर त्याच पडद्यावर बसून राहायचं. 'पुढे'चं बटण फिकट. नेटशिवाय पुढे जायची शिफ्ट एफ १० वाली युक्ती नव्या आवृत्त्यांमधून काढायला घेतलीय, तिच्या भरवशावर राहू नका. ताईंनी सांगितलेलं टेदरिंग तिथेही चालतं. मी शुक्रवारची अख्खी सुट्टी घालवल्यावर कळलं.

पहिलटकर
नमस्कार, मी नवीन. आत्ता याच क्षणी अडकलोय!! लॅपटॉपला नेट नाही, प्लीज मदत

बिनपगारी_इंजिनिअर
कुठला लॅपटॉप?

पहिलटकर
काळा

बिनपगारी_इंजिनिअर
🤦 खालच्या बाजूला मॉडेल लिहिलेलं असतं. राहू दे, आधी फोन लाव केबलने.

पहिलटकर
लावला. टेदरिंगचं बटण फिकट दिसतंय, दाबलंच जात नाही

वऱ्हाडी_ठेचा
बाजूचं बटन पाह्य रे बाबू आधी 😄

चिंचगूळ
केबल कुठली आहे? फोनची स्वतःची की ट्रिमरबरोबर आलेली वगैरे? काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच.

पहिलटकर
पॉवर बँकची होती

पहिलटकर
आलं आलं आलं!! बायकोच्या फोनची केबल लावली. ताई _/\_ अपडेट चालू आहे

पहिलटकर
पण आता तिचा फोन २ टक्क्यांवर आहे आणि ती केबल मागतेय

बिनपगारी_इंजिनिअर
हलवू नकोस!!!

जुनी_चावी
@चिंचगूळ आत्ता बाल्कनीत जाऊन पाहिलं. मदरबोर्डच्या सीडीच्या अगदी खाली कुंडीत घरटं केलंय, दोन अंडी आहेत.