'दीदी'च्या आधीची ती म्हातारी कोण?

गल्लीतला_ढोल (खानापूर)
गणपतीत आमच्या गल्लीतला डीजेवाला खालिदचं 'दीदी' हे अरबी गाणं लावतोच, शब्द एक कळत नाही तरी नाचतात सगळे. परवा तेच यूट्यूबवर शोधूलतो तर खाली एक म्हातारी आली, शेखा रिमिती म्हणून, आवाज बाप्यासारखा घोगरा, मागं बासरी नुसती घूं करूलती. आजी आतनं म्हणाली, सौंदत्तीची जोगतीण काय रे? कोण ओ ही बाई? इजिप्तची काय? आणि शेखा हे नाव का आडनाव?

निपाणीकर_७१
इजिप्त नव्हे ओ, अल्जीरिया. खालिद ओरान शहरातला, ही पण त्याच पश्चिम भागातली, सिदी बेल अब्बेसजवळ १९२३ ला जन्म. लहानपणीच आईबाप गेले, पंधराव्या वर्षी फिरत्या गाणाऱ्यांच्या ताफ्यात शिरली. शेखा म्हणजे शेखचं बाईरूप, तिकडं असल्या गाणाऱ्या बायकांना म्हणायचे. पण शेख म्हटलं की मान आणि शेखा म्हटलं की नाक मुरडणार, कारण त्या लग्नात गायच्या तशा दारूच्या गुत्त्यात पण गायच्या. रिमितीची पण गंमतच, एका गुत्त्यात चाहत्यांना पाजायची होती, फ्रेंच येत नव्हतं, मग 'रेमेते' म्हणजे परत भरा, एवढंच ओरडत राहिली, तेच नाव चिकटलं. लिहायवाचायला येत नव्हतं पण २०० च्या वर गाणी तोंडानं रचली. ती बासरी म्हणजे गस्बा, आणि हातानं वाजवतात तो ढोल म्हणजे गल्लाल.

सीमाभाग_रेडिओ
बंदीचं राहिलं की. १९५४ ला 'शर्रग गत्ता' म्हणून गाणं आलं, फाड, चिंध्या कर असा अर्थ, लग्नाआधीच्या कौमार्याच्या बडेजावालाच टोला आहे असं लोकांनी धरलं आणि बोंब उठली. तिथल्या फ्रेंच राजवटीशी लढणारे पण नाराज, आणि १९६२ ला देश सुटल्यावर आपल्याच सरकारनं रेडिओ टीव्हीवरनं हाकलली. म्हणजे दोन्हीकडनं मार. १९७६ ला हजला जाऊन आली, दारू सिगरेट सोडली, गाणं सोडलं नाही, मग पॅरिसला गेली. आणि या संगीताचं नाव राई, म्हणजे मत, हिंदीत 'आपकी राय' म्हणतात तोच अरबी शब्द. बाईनं मत मांडलं हेच दुखलं असणार.

शहापूरची_सून
जोगतिणीशी तुलना नको वाटते मला. जोगतीण यल्लम्माच्या नावानं मागते, ही कुणाच्याच नावानं गात नव्हती, स्वतःच्याच. चौंडकं आणि गल्लाल ऐकायला जवळ वाटतील, तेवढंच.

निपाणीकर_७१
बरोबर आहे ताई. पण लोकांची वागणूक तीच की, रात्री बोलवायचं सकाळी ओळख द्यायची नाही.
जाता जाता, १९९४ ला 'सिदी मन्सूर' अल्बममध्ये किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडच्या रॉबर्ट फ्रिपची गिटार आहे, अमेरिकन बँड रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीचा बेस आहे, जरूर ऐका. खालिदसारख्या नव्या पोरांनी तिची गाणी उचलली याचा राग होता तिला. तरी २००६ च्या मे महिन्यात पॅरिसला खालिदसोबत एकाच कार्यक्रमात गायली, दोन दिवसांनी हार्ट अटॅक. ८३ वर्षांची होती.

गल्लीतला_ढोल (खानापूर)
भारी माहिती ओ, थँक्यू. आजीला वाचून दाखवलं सगळं. आता म्हणूल्या, बासरी कमी कर आणि बाईचा आवाज वाढव. मोबाईलवर ते कसं करायचं सांगा कुणीतरी.