मदत हवी आहे: व्याजदर वाढले की सरकारी रोख्यांत परदेशी पैसा येतो की जातो?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शिरोलीतल्या एका फौंड्रीत अकौंट्स बघते. आण्णा (वडील) निवृत्त शिक्षक. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवरून (सामान्य माणसाला थेट सरकारी रोखे घेता येतात ते पोर्टल) ७.१८ टक्क्यांचा, २०३३ चा सरकारी रोखा घेतलाय. १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्ट या व्याजाच्या तारखा त्यांनी वहीत लाल पेनानं लिहून ठेवल्यात. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय, त्यामुळं थोडे रोखे मुदतीआधी विकावे लागतील.

रंकाळ्यावर सोबत फिरणारे एक काका आण्णांना म्हणाले, "थांबा, दर वाढले की जास्त व्याजासाठी परदेशवाले तुटून पडतील, भाव चढेल." मला ते पटेना. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो दर) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तरी २०२२ मध्ये परदेशी पैसा रोख्यांतून बाहेरच गेला. उलट जून २०२४ मध्ये आपले रोखे जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या रोखे निर्देशांकात (जो बघून परदेशी फंड खरेदी करतात) गेले, त्याच्या आगेमागे रेपो जागच्या जागी असताना पैसा आला. मग ही माणसं बघतात तरी काय? आण्णांना अर्धवट सांगायचं नाहीये, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका रास्त आहे. ते आपला दर एकटा बघत नाहीत, अमेरिकेच्या दराशी असलेला फरक बघतात. फेडनं (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं) मार्च २०२२ मध्ये शून्याजवळून सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत दर ५.२५ ते ५.५० वर नेला. घरबसल्या तेवढं मिळत असेल तर रुपयाची जोखीम कोण घेईल?

समजा, डॉलर ८३ रुपये असताना कुणी १०० डॉलर आणले. ८,३०० रुपयांवर ७ टक्क्यांनी वर्षात ८,८८१ झाले. तोवर डॉलर ८८ झाला, तर हातात जेमतेम १०१ डॉलर. फॉरवर्ड (डॉलरचा पुढचा भाव आजच ठरवून ठेवणारा करार) घेऊन ठेवलं तर त्याचा खर्च व्याजातला फरक खातो.

आणि दर वाढले की जुन्या रोख्याचा भाव उतरतो. दहा वर्षं बाकी असलेला ७ टक्क्यांचा शंभराचा रोखा, बाजार ८ टक्के मागायला लागला की ९३ च्या आसपास येतो. तसेही आपले बहुतेक रोखे बँका आणि विमा कंपन्यांकडेच आहेत. ऑपरेशनचे पैसे परदेशवाल्यांच्या भरवशावर ठेवू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार. एक्स्पोर्टची बिलं रोज हाताखालून जातात, त्यामुळं डॉलरचं गणित लगेच कळलं. आज रात्री आण्णांना वहीतच मांडून दाखवते. एक राहिलं: रिटेल डायरेक्टवर लाखभराच्या रोख्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं का? कुणी विकले असतील तर किती दिवस लागले ते सांगा.