मदत हवी आहे: पिंपल्स गेले, खड्डे राहिले. लेझर करू की आधी सबसिजन?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज लिहूनच टाकतो. जरा लांबलंय, सॉरी.

वय 27. पंधराव्या वर्षापासून पिंपल्स, तेही साधे नाहीत, गाठीवाले, हात लावला तरी ठणकणारे, आणि मी ते फोडायचो, रोज रात्री आरशासमोर उभा राहून, आई ओरडायची तरी. ते आता भोगतोय. आयसोट्रेटिनॉइनचा (पिंपल्सवरची गोळी) कोर्स पूर्ण केला, गोळी बंद होऊन 3 महिने झालेत, नवीन पिंपल जवळपास येतच नाही. पण गंमत अशी की चेहरा साफ झाला आणि खड्डे उघडे पडले, आधी त्या सुजेत ते मलापण दिसत नव्हते. समोरून उजेड असला की ठीक दिसतो पण लिफ्टमध्ये डोक्यावरून लाइट पडला की मान खाली घालून उभा राहतो. गालावरचे दाढीत लपवतो, कानशिलावर दाढी येत नाही त्याचं काय करू?

दोन स्किनवाल्यांना दाखवलं. पहिल्यांनी दोन मिनिटं बघून फ्रॅक्शनल सीओटू लेझरचे (चेहऱ्यावर बारीक बारीक ठिपक्यांत मारतात ते) 4 सिटिंग सांगितले. दुसऱ्यांनी गाल बोटांनी ताणून, टॉर्च आडवा धरून पाहिलं आणि म्हणाले लेझरचं नंतर बघू, आधी सबसिजन (सुईने खड्ड्याखालचे धागे तोडणं), नाकाजवळच्या बारीक छिद्रांना टीसीए (एक ॲसिड) आणि मग मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं). दोघेही शिकलेले मग एवढा फरक कसा? शिवाय माझा रंग सावळा आहे, लेझरने चेहरा काळा पडतो म्हणतात ते खरं का? आणि गोळी बंद केल्यावर 6 महिने काहीच करायचं नसतं हे पण ऐकलंय. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो बघून डोकं भंजाळलंय.

प्रतिसाद 1:
मी यातून गेलेय म्हणून लिहिते, डॉक्टर नाहीये. फरक यासाठी की सगळे खड्डे एक नसतात. गाल ताणल्यावर जे सपाट होतात ते रोलिंग, त्यांना आतून चिवट धागे खाली ओढून धरतात, गादीला मधेमधे टाके घातले की तिथे ती दबते ना, अगदी तसं. टाका तोडल्याशिवाय वरून कितीही पॉलिश करा, ती जागा दबलेलीच राहणार. सबसिजनमध्ये भूल देऊन सुई आडवी आत घालून हे धागे तोडतात. चेहरा आठ-पंधरा दिवस काळानिळा सुजलेला असतो, मी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या. बारीक खोल छिद्रं म्हणजे आइसपिक, त्यांच्या तळाशी लेझर नीट पोचत नाही म्हणून 70 ते 100 टक्के टीसीएचा अगदी टोकदार काडीने ठिपका देतात. हे घरी करायचं नाही, विचारसुद्धा नको, चेहरा जळतो. कडा उभ्या असलेले ते बॉक्सकार, उथळ असतील तर लेझर किंवा नीडलिंगला ऐकतात.

थोडक्यात तुझे दुसरे डॉक्टर बघूनच बोललेत असं मला तरी वाटतं. पहिल्यांनाही विचार की कुठल्या खड्ड्यासाठी लेझर सांगताय, उत्तर आलं तर ठीक.

सावळ्या रंगावर लेझरनंतर काळपटपणा येऊ शकतो हे खरं, कायमचा नसतो शक्यतो पण जायला महिने घेतो. नीडलिंगमध्ये तो धोका कमी. काहीही केलंस तरी सनस्क्रीन रोज, ढग असले तरी. आणि घाई नको, कोलॅजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) भरायला 3 ते 6 महिने लागतात. माझे 4 सिटिंग झाले, खड्डे गेले नाहीत, कमी झाले. पूर्वीची कातडी परत मिळेल असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं.

प्रतिसाद 2:
6 महिन्यांचा नियम जुना आहे. 2017 मध्ये तज्ज्ञांनी आधीचा सगळा अभ्यास तपासून सांगितलं की वरवरचे पील (ॲसिडने कातडीचा वरचा थर काढणं), फ्रॅक्शनल लेझर वगैरेसाठी एवढं थांबायलाच हवं याला पुरेसा पुरावा नाही. मशीनने त्वचा घासणारं डर्माब्रेजन आणि अख्खा वरचा थर उडवणारं लेझर मात्र गोळी चालू असताना किंवा नुकतीच बंद केलेली असताना नको म्हणतात. तारीख डॉक्टरला सांगून ठेव, लपवू नकोस. आणि जबड्यावर किंवा छातीवर फुगलेले व्रण असतील, घरात कोणाला केलॉइड (जखमेच्या बाहेर वाढत जाणारा फुगीर व्रण) असेल तर तेही आधीच सांग.

ऑनलाइन मिळणारा डर्मारोलर आणू नकोस बाबा. मी आणला होता. सुया आखूड, खड्ड्याच्या तळाशी पोचतच नाहीत, आणि एका पिंपलवरून फिरवला तर सगळ्या गालभर इन्फेक्शन.

धागाकर्ता:
ताई, खूप खूप धन्यवाद, आत्ताच बाथरूममध्ये टॉर्च घेऊन गाल ताणून बघितला (बायको काय करतोयस म्हणून आत आली). डाव्या गालावरचे बहुतेक सपाट होतायत! कानशिलावरचे नाही होत, तसेच राहतात, कडा पण स्पष्ट दिसतायत. म्हणजे ते बॉक्सकार धरायचे ना? कानशिलावर कोणी करून घेतलंय का, तिथे कातडी पातळ असते म्हणून भीती वाटते.