जास्त तापवलं म्हणजे टेस्ट कडक झाली असं नसतं

वर एकानं विचारलंय की हीट शील्ड, म्हणजे अंतराळातून परतणाऱ्या यानाला उष्णतेपासून वाचवणारं कवच, भट्टीत तापवून बघितलं की झालं, टेस्टवर एवढा खर्च कशाला. भाऊ, मी जालन्याचा, स्टीलच्या भट्ट्या रोज बघतो, पण तिथं नुसती उष्णता असते, परतणाऱ्या यानासमोर हवा दबून तापते अन् सुसाट वाहते बी. हे सगळं एका यंत्रात जमत नाही, शॉक टनेलमधे (धक्कालाटेनं हवा सोडणारं यंत्र) वेग मिळतो पण मिलिसेकंदच, आर्क जेटमधे (विजेच्या ठिणगीनं तापवलेल्या वायूचा झोत) मिनिटं मिळतात पण वेग तेवढा नाही. अन् २०२२ ला नासाच्या आर्टेमिस १ या चंद्रमोहिमेतल्या ओरायन यानाचं शील्ड जागोजागी तुटलं ना, ते बघा! आधीच्या जमिनीवरच्या टेस्टमधे उष्णता उड्डाणापेक्षा जास्त होती, म्हणून शील्डचा जळालेला थर सच्छिद्र झाला अन् तापून आत तयार झालेला गॅस निघून गेला, खऱ्या उड्डाणात मधेच ताप कमी झाला, गॅस आतच अडकला अन् तुकडे उडाले. नंतर आर्क जेटमधेच तसा कमी-जास्त ताप देऊन हे शोधलं, मला तर हे लई मोठं काम वाटतं.