मदत हवी आहे: अकरावीच्या मुलींना मे महिन्यात प्रयोगशाळेत काम मिळेल का?

सोलापूर पूर्व भागातल्या अकरावी सायन्सच्या चार मुलींसाठी विचारतेय. पालक यंत्रमाग आणि विडी कामगार, घरातून पहिल्यांदाच कुणीतरी सायन्सला गेलंय. मे महिन्यात तीन-चार आठवडे खऱ्या संशोधनाचं काम हवंय, नुसती प्रयोगशाळेची सहल नको. जूनपासून बारावीचे क्लास, म्हणजे पुढे वेळ नाही.

पाहून झालेलं: विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप कॉलेजच्या मुलांसाठी आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेचं विज्ञान शिबिर पाच दिवसांचं, तेही दहावीच्या गुणांवर. विज्ञान ज्योती या मुलींसाठीच्या सरकारी योजनेत आमचं कॉलेज येत नाही. संशोधन संस्थांना थेट मेल केले तिथे गाडी एकाच जागी अडते: वय अठराच्या आत, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?

म्हणून रसायनं, ॲसिड काहीच नको असं काम सुचवतेय. डाळिंबाच्या पानांचे फोटो काढून तेल्या या रोगाच्या डागांनी किती टक्के पान व्यापलंय ते इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरवर मोजणं. पार्श्वभूमी आणि उजेड सारखा ठेवला नाही तर आकडे चुकतात, ते शिकवलंय.

सोलापूरजवळचा केगाव परिसर (डाळिंब संशोधन केंद्र तिथेच आहे) सोयीचा, रोज घरी परतता येईल. पुण्याला जायचं तर मुलींचं वसतिगृह हवंच. फी परवडणार नाही, विद्यावेतन नसलं तरी चालेल.

अठराच्या आतल्या विद्यार्थ्यांना कुणी असं पाठवलंय का? अर्ज संचालकांच्या नावे केलात की थेट शास्त्रज्ञांच्या? आणि हमीपत्रावर सही कुणाची चालली, पालकांची की प्राचार्यांची? विद्यार्थी अपघात विमा पुरला का?