पार्श्वसंगीताने आधी रडायचं की प्रेक्षकाने? (अलीकडे पाहिलेल्या सिनेमांवरून)

शेवटची_रांग

गेल्या काही महिन्यांत 'साबर बोंडं', 'छावा', 'स्थळ', 'दशावतार', 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' असे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले सिनेमे पाहिले. काही थिएटरात, काही घरी. ते पाहताना एक मत पक्कं होत गेलं, ते मांडते. (कथानकातल्या गोष्टी उघड होणार आहेत. ज्यांचं पाहणं बाकी आहे त्यांनी जपून वाचावं.)

मत असं की दुःखाच्या प्रसंगात सिनेमाने पार्श्वसंगीत बंद ठेवावं. पूर्ण बंद.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. त्याला पुरुष आवडतात हे आईला माहीत आहे, आणि नातेवाईक लग्नाचं विचारून विचारून त्याला भंडावून सोडतात. गावात लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. अख्ख्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. ज्यांनी सुतकाचं घर अनुभवलंय त्यांना हे फार जवळचं वाटेल, कारण अशा घरात रडण्यापेक्षा कामंच जास्त असतात. कुणी चहाचं विचारतं, कुणी भिंतीला टेकून फोन बघत बसतं, दहाव्याला किती माणसं येतील याचा हिशेब चाललेला असतो. आई आणि आनंद बोलतात तेव्हा दोन वाक्यांमध्ये जो वेळ जातो, तो भरून काढायची घाई दिग्दर्शकाला नाही. मला तिथे रडू आलं, आणि ते माझं मला आलं.

'छावा'त याच्या उलट. विकी कौशलने जीव ओतलाय, अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त घाबरवतो. पण शेवटच्या छळाच्या प्रसंगांत संगीत इतकं अंगावर येतं की मला महाराजांच्या वेदनेपर्यंत पोचताच येईना. त्यातल्या त्यात साखळदंडात जखडलेले शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांशी काव्यातून बोलतात, तो प्रसंग शब्दांच्या बळावर उभा राहतो. पूर्ण सिनेमात मला तोच सगळ्यात मोठा वाटला.

'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी जे केलंय त्याला तोड नाही. मुलगा गेल्यावर त्यांच्या बाबुली मेस्त्रीच्या, त्या म्हाताऱ्या दशावतारी नटाच्या, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं आहे. मग त्यावर वाद्यमेळ कशाला?

कुडाळकर

ताई, पूर्ण असहमत. तुमचा सगळा मुद्दा या गृहीतकावर उभा आहे की खरं दुःख मुकं असतं. हे कुणी ठरवलं? आमच्याकडे माणूस गेला की बायका त्याचं नाव घेऊन, त्याचे गुण आठवून, हेल काढून रडतात. शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू जातं. मुक्याने रडणं ही एक रीत झाली, एकमेव रीत नव्हे.

आता दशावताराबद्दल, म्हणजे सिनेमाबद्दल नव्हे, आमच्या कोकणातल्या त्या लोकनाट्याबद्दल. जत्रेत पालखी फिरून आली की रात्री नाटक उभं राहतं. पायपेटी, पखवाज आणि झांज, बस, एवढ्यावर पहाट होते. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचत जातो. पखवाजवाल्याची नजर नटाच्या पावलावर. राजपार्टी (राजाचं सोंग घेतलेला नट) पाय आपटून वळला की थाप तिथेच पडली पाहिजे, नाहीतर लोक नावं ठेवतात. ज्याने स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावून जन्मभर या तालावर पावलं टाकली, त्या बाबुलीच्या पुत्रशोकाला ताल नको, असं म्हणणं म्हणजे त्याचा अर्धा जीव काढून घेणं.

मी हा सिनेमा गावातल्या माणसांबरोबर पाहिला. वर्षानुवर्षं थिएटराची पायरी न चढलेली म्हातारी माणसं होती. खाणीसाठी देवराईवर घाला येतो तेव्हा त्यांना ते कुठल्या लांबच्या गावाचं वाटलं नाही. शेवटी वाद्यं उसळली तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. तो आवाज त्यांना हवाच होता.

पिटातला

कुडाळकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

मी इचलकरंजीचा. आमच्या घरात दोन पिढ्या यंत्रमागावर गेल्या. दिवसभर धोट्यांचा खडखडाट ऐकून आलेल्या माणसाला अंधारात दोन तास शांत बसवून 'आता तुझं तू समजून घे' असं सांगणं मला पटत नाही. त्याला सिनेमाने उचलून न्यावं असं वाटतं, आणि त्यात त्याची अक्कल कमी पडते असं नाही.

म्हणून या यादीतला माझा सिनेमा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि माणसं थिएटराकडे वळतात. त्याच गावातली पोरं एकत्र येऊन स्वतःचा 'शोले' काढतात, आणि पुढे अंगात कॅन्सर असलेला मागावरचा शफीक पडद्यावर सुपरमॅन होऊन उडतो. तो उडताना संगीत वर गेलं नसतं तर मी रागावलो असतो. जन्मभर ज्याला कुणी पाहिलं नाही त्याच्यासाठी एकदा तरी मोठ्याने वाजायला नको?

(विनीत कुमार सिंह बघा: 'छावा'त कवी कलश आणि इथे लेखक फरोग, दोन्ही सिनेमे फेब्रुवारी २०२५ मधले. या माणसाला अजून पुरेसं काम मिळत नाही याचं वाईट वाटतं.)

'साबर बोंडं'चं म्हणाल तर आमच्याकडे तो लागलाच नाही. शांत सिनेमांचं कौतुक होतं ते बहुतेक दोन-तीन शहरांतच होतं, हेही या चर्चेत धरा.

ध्वनीवाला

साउंडमध्ये काम करतो म्हणून लिहितोय.

शेवटची_रांग यांना जे 'काहीच नाही' असं ऐकू आलं, तेही कुणीतरी बसून केलेलं असतं. चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण केलं तरी पंखा, मोटार, लांबचा भोंगा काढावा लागतो. मग रातकिडे किती लांब, भांडं मातीवर ठेवलं की फरशीवर, पावलं अनवाणी की चपलेतली, हे एकेक करून बसवतात. कित्येकदा फोलीवाला स्टुडिओत पडद्याकडे बघत ते हातापायांनी वाजवतो. शेळीची घंटा कुठल्या क्षणी थांबवायची, हेही तुम्हाला काय वाटावं ते ठरवूनच केलेलं असतं. तेव्हा 'माझं मला रडू आलं' हे अर्धंच खरं.

पण दुसऱ्या बाजूचंही सांगतो. मिक्सिंगला बसलं की निर्मात्याकडून हमखास एक वाक्य येतं: "इथे रिकामं वाटतंय, काहीतरी टाका." हे भीतीपोटी असतं. प्रेक्षक फोन काढेल ही भीती. मालिकांनी तीन वेळा चेहरा दाखवून तीन वेळा धडाम् वाजवायची सवय लावली, ती सिनेमात उतरली आहे. चांगल्या नटाचा श्वास त्याखाली गाडला जातो. तो श्वास पकडायला आम्ही किती धडपडलेलो असतो ते आम्हालाच माहीत.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये संगीत आहे, शेवटची_रांग यांनी ते सोडून दिलं. इमाहोय त्सेग्वे-मरियम गेब्रू या इथिओपियन साध्वीचा पियानो आहे त्यात. तो मुंबईच्या गर्दीत नुसता भटकतो, तुम्हाला रडा असं सांगत नाही. आणि नवरा जर्मनीत असलेली नायिका प्रभा तिथून आलेल्या कुकरला रात्री कवेत घेते तिथे वेगळं काही लागत नाही. कुठे वाजवायचं हे दिग्दर्शिका पायल कपाडियांना कळलं.

शेवटची_रांग

कुडाळकर, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. हेल काढून रडणारी बाई त्या घरातली आहे, पखवाज त्या रंगमंचावरचा आहे. बाबुलीला तो ऐकू येतो, त्यामुळे त्याला माझा विरोध असायचं कारणच नाही. माझा विरोध आहे तो गोष्टीतल्या कुणालाही ऐकू न येणाऱ्या व्हायोलिनांच्या ताफ्याला. हेल काढणाऱ्या बाईवर तो ताफा चढवला की दबतो तिचाच आवाज.

ध्वनीवाला, शांतताही रचलेली असते हे तुम्ही छान उलगडून सांगितलंत. तरी फरक उरतो. शेळीची घंटा थांबली तर मी कान टवकारते, तिचा अर्थ मला लावावा लागतो. व्हायोलिन अर्थ लावूनच येतं.

वऱ्हाडाची_लेक

तुम्ही सगळे 'स्थळ' नावापुरतं घेऊन पुढे गेलात, ते काही बरं वाटलं नाही.

जयंत सोमलकरांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन हा सिनेमा केला. सविताला एकामागून एक पाहुणे बघायला येतात. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय. तेच प्रश्न, तीच बसायची जागा, पुन्हा तेच. माझ्याबरोबरचा एक जण मध्यंतरात म्हणाला, "तेच तेच दाखवतेत." अरे, तेच तेच होतं म्हणूनच दाखवलंय! मी त्या जागेवर बसलेली आहे. उंची सांगताना नजर कुठे ठेवायची हे मावशीने शिकवून ठेवलेलं असतं. आत गेल्यावर बाहेर रंगाबद्दल जे बोलणं होतं ते भिंतीपलीकडून ऐकू येतंच.

सुरुवातीला सविता स्वप्नात मुलाला बसवून हेच प्रश्न विचारते तेव्हा थिएटरात हशा झाला. नंतर तेच प्रश्न तिला आले तेव्हा हसणारे गप्प झाले. संगीत असतं की नसतं याने काही फरक पडला नसता. प्रश्नच पुरेसे होते. वर कापसाच्या भावात अडकलेला तिचा बाप आहे, त्याच्याबद्दल तर इथे कुणी अवाक्षर काढलं नाही.

मध्यंतर

'सैराट' आठवा. २०१६. अजय-अतुलनी हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रावर मुद्रण केलं. 'झिंगाट'ला लोक थिएटरात नाचले. आणि शेवटी ते लहान मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा आवाजच काढून घेतलाय, मुलाचं रडणंसुद्धा ऐकू येत नाही. शेवटची_रांग म्हणतात ते तिथे शब्दशः खरं ठरतं. पण आधी तेवढं संगीत कानात भरलं नसतं, तर ते काढून घेतल्याचं कळलं असतं का? पहिल्यापासून शांत असलेल्या सिनेमाला हा घाव घालता येत नाही.

पिटातला

मध्यंतर यांच्या मुद्द्याच्या आधीचा मुद्दा मांडतो. 'झिंगाट' नसतं तर ती शांतता ऐकायला आमच्या गावातलं कोण आलं असतं?

'फँड्री'च्या वेळचं आठवतंय. पिरतीच्या विंचवाचं गाणं जिकडेतिकडे वाजत होतं. आमच्याकडचे कितीतरी जण त्या गाण्यापायी तिकीट काढून गेले. ते गाणं सिनेमात नव्हतंच, फक्त प्रसिद्धीसाठी केलेलं. गाण्याची वाट बघत बसलेल्या माणसांनी डुक्कर पकडताना मध्येच राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून ताठ उभं राहिलेलं ते कुटुंब पाहिलं, आणि शेवटी त्या घरातल्या पोराने, जब्याने, भिरकावलेला दगड अंगावर घेतला. दोघं-तिघं चिडले. बाकीचे कित्येक दिवस त्यावरच बोलत होते. गाणं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं.

शेवटची_रांग

पण ते गाणं दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी सिनेमाच्या बाहेर ठेवलं ना! लोकांना आणायला हवं तेवढं वाजवा. जब्याचा हात दगडाकडे गेला की थांबा.

कुडाळकर

जब्यासाठी थांबा, बाबुलीसाठी वाजवा. दोघांना एकच नियम मी लावू देणार नाही.