मदत हवी आहे: मामांचा जुना जीन रिपोर्ट आणि हिपॅटायटिस सी

नमस्कार मंडळी,

मामांना (वय ६१) हिपॅटायटिस सी आहे, जीनोटाइप ३ (म्हणजे व्हायरसचा एक प्रकार). २०१२ मध्ये पेगइंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रायबाव्हिरिनच्या गोळ्या असा कोर्स झाला. ताप, अंगदुखी, हिमोग्लोबिन उतरणं, सगळं सोसलं, तरी काही महिन्यांत व्हायरस परत आला. तेव्हा मामांच्या आयएल२८बी या जीनच्या तपासणीत 'टीटी' प्रकार आला होता. हा प्रकार इंटरफेरॉनला कमी दाद देतो, असं सांगितलं गेलं.

आता डॉक्टर सोफॉसब्युव्हिर आणि व्हेल्पाटास्व्हिर सुचवतात. मामा म्हणतात, "माझ्या रक्तातच औषध लागू पडत नाही, कशाला पैसे घालवता?" मामी तर थकल्याच समजावून. तो 'टीटी' या गोळ्यांनाही आडवा येतो का? तपासणी पुन्हा करावी का?

प्रतिसाद १
नको, जन्मभर 'टीटी'च येणार! इंटरफेरॉन व्हायरसला थेट मारत नाही, तो आपल्या पेशींना लढायला लावतो. म्हणून तिथे रुग्णाच्या जीन्सचा प्रश्न यायचा. २००९ मध्ये हा संबंध सापडला: जीनोटाइप १ मध्ये याच जीनचा 'सीसी' प्रकार असलेल्यांना 'टीटी'वाल्यांपेक्षा साधारण दुप्पट यश. जीनोटाइप ३ मध्ये हा फरक तसाही कमीच असतो, म्हणजे मामांचं सगळं खापर 'टीटी'वर फोडता येत नाही. नव्या गोळ्या व्हायरसच्या स्वतःच्या प्रथिनांवर घाव घालतात. त्यामुळे 'टीटी'वालेही बरे होतात, एकूण यश ९० टक्क्यांच्या वर.

डॉक्टरांना विचारायचं ते हे: सिऱ्होसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) आहे का? जीनोटाइप ३, आधीचा फसलेला कोर्स आणि सिऱ्होसिस एकत्र आले तर रायबाव्हिरिन जोडतात किंवा कोर्स लांबवतात. हिपॅटायटिस बी ची तपासणी आधी झालीच पाहिजे, दबलेला बी या उपचारात उसळू शकतो. पैशाचं म्हणाल तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात.

धागाकर्ती
खूप आभार! मामा रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतात. चालेल?

प्रतिसाद १
हे डॉक्टरांना नक्की सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की व्हेल्पाटास्व्हिर नीट शोषलं जात नाही. हृदयासाठी अ‍ॅमिओडॅरोन चालू असेल तर तेही सांगा. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी (रक्तात व्हायरस उरलाय का ते पाहणारी) करून घ्या, 'बरे झालो' की नाही ते तिच्यावरच ठरतं.